माणसं आहेत तोवर : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

घरातल्या माणसांचं वय, आजारपण आणि त्यांच्यासोबतचा उरलेला वेळ या विषयावर सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. नावं गाळली आहेत. कायदा आणि औषधं यांबद्दल शक्य तेवढं नेमकं लिहिलं आहे. तरी सही करण्याआधी वकिलांना आणि गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, जुळे सोलापुरात एकटी राहते. मी महिन्यातून एकदा शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतो आणि सोमवारी सकाळच्या हुतात्माने पुण्याला परत जातो. फोनवर ती "काय करालास, जेवलास का" विचारते, मी "गोळ्या घेतल्यास का" विचारतो. संपलं. उद्या ती गेली तर मला तिच्याबद्दल काहीच माहीत नसेल, याची धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : महिन्याला एक रविवार म्हणजे वर्षाला बारा. त्यातला एखादा कुणाच्या लग्नात जातो, एखादा तुमच्या आजारपणात. उरलेल्या रविवारी बहुतेक मुलं दुरुस्तीची कामं काढतात : गॅसची नळी, पासबुक, चष्मा, गळका नळ. ती लागतातच, पण त्यात दिवस संपतो आणि आई खुर्चीत बसून मुलाची धावपळ बघत राहते. शक्य तेवढी कामं पुण्यातून फोनवर उरका, उरलेली चार पैसे देऊन कुणाकडून तरी करून घ्या. रविवारची सकाळ तिच्याजवळ मोकळी ठेवा.

"तुझं लहानपण कसं होतं?" असं विचारलं की "बरं होतं" एवढंच उत्तर येतं. प्रश्न एखाद्या वस्तूवर, जागेवर, प्रसंगावर ठेवा. गिरणीचा भोंगा वाजला की घरात काय गडबड व्हायची? बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला मिलो (लाल ज्वारी) यायची, तिची भाकरी थापता यायची का? लग्नातलं पातळ कुठल्या दुकानातून आणलं, कुणी निवडलं? घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम असेल तर दिवसाला किती व्हायच्या आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात जायचे? सून म्हणून काढलेले दिवस, गेलेलं मूल, दिरांशी झालेलं भांडण हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर विचारा, तेही ती स्वतः त्या वाटेला लागली तर. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, मनात दहा आकडे मोजा. म्हाताऱ्या माणसाला आठवणीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि आपण तो नेमका मध्येच तोडतो. तीच गोष्ट तिने पुन्हा सांगितली तर सांगू द्या, दुसऱ्या खेपेला त्यात नवं माणूस निघतं. साल चुकलं तर तिथेच दुरुस्त करू नका. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर त्याच भाषेत बोलू द्या, मराठीत आणायचा आग्रह नको.

आवाज जरूर रेकॉर्ड करा, मात्र तिला सांगून. "हे कुणाला ऐकवू नको" असं ती म्हणाली तर ते पाळा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. टेबलावर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी ठेवून तिच्यावर फोन ठेवा. कपबशीचा आणि हात आपटल्याचा दणका त्यात मुरतो. तोंडापासून अंतर दीड-दोन विती. पंखा आणि कूलर बंद हवेत, कारण कूलरच्या घरघरीत म्हातारा आवाज बुडतो आणि नंतर कितीही साफ केला तरी वर येत नाही. मे महिन्यात सोलापुरात हे फक्त सकाळी सातच्या आत जमतं, म्हणून लांब बैठका थंडीत घ्या. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय हे तुम्हीच बोला. मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघा, मगच पुढे जा. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. थकल्यावर ती केवळ तुमच्यासाठी बोलत राहील.

फाइलला नाव त्याच दिवशी द्या : तारीख, आई, विषय. "रेकॉर्डिंग ४७" असं नाव असलेली फाइल पुढे कुणी उघडत नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ६० एमबी भरतं, म्हणजे जागेची अडचण नाही. प्रती तीन ठेवा : फोनमध्ये, क्लाउडवर आणि बहिणीकडे किंवा भावाकडे पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा उघडून बघा, नुसता कपाटात पडून राहिला तरी तो बिघडू शकतो.

जुने फोटो काढाल तेव्हा मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ पेन्सिलीने, कडेला, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. जिचं नाव आईलाही आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि तो फोटो मावशीकडे न्या. मावशीकडे जायला तेवढंच निमित्त मिळेल.

काही आयांना समोरासमोर बसून बोलायला जमत नाही, हात चालू असले की बोलणं येतं. अशा वेळी शेंगा चटणी करायला घ्या. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा. तिला "किती ग्रॅम?" विचारू नका, तिला ते माहीत नसतं. ती दाण्याच्या डब्यात हात घालण्याआधी डबा काट्यावर ठेवा, मूठ काढल्यावर पुन्हा ठेवा. फरक पडतो ती तिची मूठ. तिखट, मीठ, जिरं, लसूण सगळं असंच. पाव किलो दाण्यांना दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चहाचे चमचे तिखट, एक चमचा जिरं असं साधारण प्रमाण बसतं. तुमच्या घरचं याहून वेगळं निघेल, आणि तेच तर लिहून ठेवायचं आहे. दाणे मंद आचेवर भाजतात, सालीवर काळे ठिपके येईपर्यंत. आच मोठी केली तर साल करपते, आत दाणा कच्चट राहतो आणि चटणी लवकर खवट होते. उखळ असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबत-थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके देत फिरवायचा; सलग फिरवला की दाणे तापतात, तेल एकदम सुटतं आणि लगदा होतो. ती कुठे थांबते तिकडे लक्ष द्या. चिमूट दाबल्यावर गोळा बनतो आणि बोटाला तेल लागतं, तिथे तिचा हात थांबेल. तिच्या हाताचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्याचे फोटो तुमच्याकडे भरपूर असतील.

आणि फोन रोज करा, पाच मिनिटं का होईना. रविवारच्या बैठकीत अर्धवट राहिलेली गोष्ट मंगळवारी विचारा : "त्या शेजारणीचं पुढे काय झालं?" तुम्ही ऐकलं आणि लक्षात ठेवलं, हे तिला त्या एका प्रश्नातून कळतं.

प्रश्न : माझे मिस्टर ६२ वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त. घर त्यांच्या नावावर, ठेवी दोन पतसंस्थांत आणि एका बँकेत, विम्याच्या पॉलिसी कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक. मृत्युपत्राचं नाव काढलं की "अशुभ बोलू नको" म्हणतात. कसं समजावू? — अशोक चौक

उत्तर : आधी तुमचा स्वतःचा कागद करा. दागिने, बचत गटातली रक्कम, तुमच्या खात्यातले पैसे कुणाला द्यायचे ते लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. "तुम्ही लिहा" म्हटल्यावर जो माणूस चिडतो तोच "मी लिहिलंय, बरोबर आहे का बघा" म्हटल्यावर चष्मा शोधतो. दवाखान्यात, कुणाच्या दहाव्यावरून परतल्यावर किंवा सगळी मुलं समोर असताना हा विषय काढू नका. आयकराचे किंवा घरपट्टीचे कागद निघालेले असतात तो दिवस बरा.

पुष्कळ बायकांचा समज असतो की नवऱ्यामागे घर आपोआप आपल्या नावावर होतं. तसं होत नाही. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. लग्न झालेली मुलगीही त्यात येते. घर तुमच्याकडे राहावं अशी त्यांची इच्छा असेल तर ती लिहूनच ठेवावी लागते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. हाताने लिहिलेलं किंवा टाइप केलेलं, दोन्ही चालतं. घराचा मिळकत क्रमांक, खाते क्रमांक, कुणाला काय, सगळं स्पष्ट लिहा. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख. दोन साक्षीदारांनी त्यांना सही करताना पाहिलेलं असावं आणि मग त्यांच्या समोर स्वतः सही करावी. यात सर्वाधिक चुका होतात : सही आज, साक्षीदारांच्या सह्या चार दिवसांनी, घरोघरी फिरून. कोर्टात साक्षीदार "माझ्यासमोर सही झाली नाही" म्हणाला की कागद लटकतो. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका आणि साक्षीदार वयाने तरुण निवडा. नोंदणी सक्तीची नाही. तरी मुलांत धुसफूस असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या आणि त्याच दिवशीचं, मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडा. मुस्लिम वाचकांनी लक्षात घ्यावं की मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपर्यंतच देता येतं आणि वारसालाच जादा द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक नॉमिनीला पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला. विम्यात थोडा फरक आहे : पती, पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो. पतसंस्थेत नॉमिनीचा रकाना कोराच राहिल्याचं वारंवार दिसतं, तो आधी तपासा.

याशिवाय एक पानी यादी करा : खाती, पॉलिसी, महावितरणचा ग्राहक क्रमांक, लॉकरची किल्ली, भिशी आणि हातउसने घेतलेले-दिलेले पैसे. हातउसन्याचा कागद नसतो म्हणून तो या यादीत हवाच. दरवर्षी दिवाळीनंतर यादी ताजी करा.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, पसरला आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांना आम्ही "जखम आहे, भरेल" असं सांगितलंय. आता ते विचारतात, "मला काय झालंय?" आणि सगळे खोलीबाहेर पडतात. — एक मुलगी, साखर पेठ

उत्तर : ते विचारतात याचा अर्थ त्यांना बरंचसं कळलेलं आहे. खोटं बोलल्याने त्यांची भीती जात नाही, फक्त ती त्यांना एकट्याने भोगावी लागते. खोलीबाहेर पडू नका. त्यांच्या शेजारी बसा, उभ्याने बोलू नका, आणि उलट विचारा : "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असावं?" त्यांनी सांगितलं तिथून पुढे जा. मग विचारा, "सगळं सांगू का, की नको?" नको म्हणाले तर थांबा, तोही त्यांचा हक्क आहे. हो म्हणाले तर छोट्या वाक्यांत : "हा आजार बरा होणारा नाही असं डॉक्टर म्हणतात. दुखणं कमी ठेवता येतं. आम्ही इथेच आहोत." किती दिवस हे विचारलं तर आकडा सांगू नका; डॉक्टर महिन्यांत बोलतात की आठवड्यांत, तेवढंच सांगा.

दुखणं पहिलं आटोक्यात हवं, दुखत असलेला माणूस बोलूच शकत नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवणारे उपचार देणारे डॉक्टर शोधा आणि मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाबद्दल विचारा. सवय लागेल या भीतीने घरचे लोक ते चुकवतात. कॅन्सरच्या वेदनेत डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ती भीती बाळगायचं कारण नाही. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते आणि ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायला लागण्याची वाट बघत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. बद्धकोष्ठ नक्की होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या.

जेवण कमी झालं की घरात रडारड होते आणि कुणीतरी जबरदस्तीने पेज भरवतं. शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नको असतं. भरवलेलं श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, न्यूमोनिया होतो. मागतील तेवढंच, चमच्याने, डोकं उंच करून द्या. तोंड दर दोन तासांनी ओल्या मऊ कापडाने पुसा. कूसही दर दोन तासांनी बदला, पाठीला आणि टाचांना लाल डाग दिसतात का बघा. शेवटी घशात घरघर होते ती ऐकवत नाही, पण बहुधा त्यांना तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं की कमी होते. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असेल असं धरून त्यांच्याशी बोलत राहा.

भेटायला येणाऱ्यांना दारावर एक माणूस ठेवा. एका वेळी दोघं, दहा मिनिटं. "काय हो ही अवस्था" म्हणणाऱ्यांना बाहेरच चहा द्या.

आणि आभार मानायचे असतील तर नेमके माना. "तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत" याला ते नुसती मान हलवतील. "रात्रपाळी करून यायचात आणि न झोपता मला सायकलवर शाळेत सोडायचात, मला ते माहीत होतं" असं म्हणा. तुमच्या घरात असा एखादा प्रसंग असेलच, आज रात्री आठवून ठेवा. माफी मागायची असेल तरी एका वाक्यात मागा, स्पष्टीकरण देत बसू नका. घरात लहान मूल असेल तर त्याला बाहेर ठेवू नका. आजोबा खूप आजारी आहेत, ते मरणार आहेत, असं सरळ सांगा. "झोपलेत" सांगितलं तर मूल स्वतः झोपायला घाबरतं. आत यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या आणि त्याच्याजवळ एक मोठं माणूस असू द्या.

प्रश्न : वय ७४, निवृत्त शिक्षिका. मला मरणाची भीती नाही, नळ्या लावून पडून राहण्याची आहे. शिवाय डोळे द्यायचे आहेत, जमलं तर देहही. मुलं ऐकून घेत नाहीत.

उत्तर : कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, त्याला आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. कोणत्या स्थितीत कोणते उपचार नकोत आणि तुमच्या वतीने कोण बोलेल ते लिहा, शक्यतो दोन नावं द्या. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांना, एक महापालिकेतल्या सक्षम अधिकाऱ्याला, एक मुलांना. उपचार थांबवताना रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं निर्णय घेतात, त्यामुळे "मुलं उगीच घाई करतील" ही भीती नको. दुखणं कमी करणारे उपचार चालूच राहतात.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. घरच्यांना चार गोष्टी शिकवून ठेवा : पापण्या मिटायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पंखा चालू राहिला तर बुबुळ सुकतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर फार लवकर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह किंवा चष्मा असला तरी चालतं. काम वीसेक मिनिटांचं असतं, चेहरा विद्रूप होत नाही.

देहदानासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात चौकशी करा. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत, नेत्रदान केलेलं चालतं. तुम्ही अर्ज भरला तरी त्या दिवशी नातेवाइकांनी हो म्हणावं लागतं. म्हणून ज्या मुलाचा विरोध सर्वाधिक आहे त्यालाच विभागात सोबत न्या.

प्रश्न : मोठा भाऊ ७१ वर्षांचा, बाळीवेसला राहतो. घराच्या वाटणीवरून आठ वर्षं बोलणं बंद, कोर्टात केस चालू. गेल्या महिन्यात त्याची अँजिओप्लास्टी झाल्याचं दुसऱ्याकडून कळलं. जाऊ का?

उत्तर : जा. केस चालू असताना भेटायला कायद्याची बंदी नाही. फक्त वाटणीबद्दल एक शब्दही काढू नका, आणि त्याने काढला तर "ते वकील बघतील, मी तुला बघायला आलोय" एवढंच म्हणा. जाण्याआधी वकिलांना सांगून ठेवा. कुठल्याही कागदावर त्या दिवशी सही करू नका, करून घेऊही नका.

अशा भेटी फसतात त्या तयारीने केलेल्या भाषणामुळे. आठ वर्षांचा हिशेब मांडायला गेलात तर दहाव्या मिनिटाला आवाज चढेल, आणि त्याच्या हृदयाला ते नको आहे. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. तब्येत विचारा, कोणती गोळी चालू आहे विचारा, वहिनींशी बोला. बायकोला सोबत न्यायचं का हे तिच्यावर सोडा. मध्यस्थ नेऊ नका, तिसरं माणूस आलं की दोघंही त्याच्यासाठी बोलू लागतात.

थेट घरी जायला पाय उचलत नसेल तर संक्रांतीचा मुहूर्त आपल्या गावात आयता आहे. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर असतं. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला तुमचं घर पूर्वी ज्या कोपऱ्यावर उभं राहायचं तिथे तोही येत असेल. गर्दीत तीळगूळ हातावर ठेवणं घराची कडी वाजवण्यापेक्षा सोपं आहे. मात्र संक्रांत लांब असेल तर तिच्यासाठी थांबू नका, याच आठवड्यात जा.

दार उघडलं नाही तर भांडू नका. सोबत खाण्याचा डबा नेला असेल तर तो वहिनींकडे किंवा शेजाऱ्यांकडे द्या, चिठ्ठीवर फोन नंबर आणि "तब्येत कळव" एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तरी महिन्याने पुन्हा जा. पहिल्या खेपेला "आता कसा आलास" म्हणणारी माणसं तिसऱ्या खेपेला आत बोलावतात.